नवऱ्यांचा ओटा

नागपुरात, हुडकेश्वरच्या आमच्या लेआऊटमध्ये ओमप्रकाश लांजेवारला ओळखत नाही असं घर मिळणं कठीण. अर्ध्या घरांच्या फरशा त्याच्याच हातच्या. आमचं घर होत होतं तेव्हा तो महिनाभर आमच्याकडे कामाला होता. उंच, सडपातळ, गुडघ्यांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे बांधलेला, आणि काम करताना स्वतःशीच काहीतरी गुणगुणणारा. त्याची गोष्ट मला त्यानंच सांगितली, दुपारच्या डब्याच्या वेळी, आमच्या अर्धवट झालेल्या बैठकीत बसून. पुढे मयुरानं, त्याच्या बायकोनं, तिच्या बाजूची सांगितली. मी लिहू का म्हणून विचारलं तर म्हणाला, "लिहा ना मॅडम. जे मी ठिय्यावर धा मानसाईसमोर बोलतो, ते लिहाले काय लाज?"

ठिय्या म्हणजे आमच्या चौकातली ती जागा, जिथे सकाळी मिस्त्री, मजूर, पेंटर कामाची वाट पाहत उभे असतात.

ओमप्रकाश मूळचा पारशिवनीकडचा. वडील लवकर गेले. आई, रुखमाबाई, दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत रोवणी करून घर चालवायची. मिसरूड फुटलं तसा तो गावातल्या पोरांसोबत हैदराबादला गेला, तिथंच टाइल्सचं काम शिकला, काही वर्षांनी परत येऊन हुडकेश्वरला दोन खोल्या भाड्यानं घेतल्या. मग लग्न झालं. मयुरा कोराडीची. तिचे वडील, आनंदराव, वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर कंत्राटी कामगार होते. मयुरा घरी शिलाई करायची, फॉल-पिको करायची. दोघांचं बरं चाललं होतं. मग तिला दिवस गेले.

सरकारी दवाखान्यात गरोदर बाईच्या सगळ्या तपासण्या होतात तशा तिच्याही झाल्या, आणि तिला विचारून एचआयव्हीचीही झाली. काही दिवसांनी तिला परत बोलावलं, पुन्हा रक्त घेतलं. मग दीप्ती मॅडम म्हणून तिथल्या समुपदेशक आहेत, त्यांनी तिला आतल्या खोलीत बसवून दार लोटून घेतलं.

"त्याईचे ओठ हालताना दिसून राहिले होते," मयुरा मला म्हणाली, "ऐकू काहीच येत नव्हतं."

दीप्ती मॅडमनी पाणी दिलं आणि सगळं पुन्हा सांगितलं. एचआयव्ही आहे. आजपासून रोज गोळी घ्यायची, न चुकता. तशी घेतली तर बाळाला होण्याची भीती फार थोडी राहते. आणि ही गोष्ट या खोलीतून बाहेर जाणार नाही.

मयुरानं एकच विचारलं. "घरी सांगितलं, अन् त्याईनं मले काढून देल्लं तं?"

"तुम्ही म्हणाल तेव्हाच सांगायचं," दीप्ती मॅडम म्हणाल्या. "पण त्यांचंही रक्त तपासायला हवं. त्यांना नुसतं एवढं सांगा, की दवाखान्यात नवऱ्यांना बोलावलंय. खोटं नाही ते. आम्ही प्रत्येक गरोदर बाईच्या नवऱ्याला बोलावतो. कुणी येत नाही, ही गोष्ट वेगळी."

त्या संध्याकाळी मयुरानं भाकरी थापता थापता विषय काढला.

"दवाखान्यात तुमाले बोलावलं हाय."

"मले? काहून?"

"रक्त तपासाले."

ओमप्रकाश हसला. "पोटुशी तू वं. माह्या रक्ताचं काय करतात ते?"

दुसऱ्यांदा तिनं विचारलं तेव्हा त्याचं बेसा भागात काम होतं. तिसऱ्यांदा मयुरानं ताट बाजूला सारलं आणि म्हणाली, "मले तिथं एकटीले जायाचं भेव लागते." तिनं असं कधी काही मागितलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो कामावर खाडा करून गेला.

गरोदर बायांच्या त्या रांगेत तो एकटा पुरुष. बाकांवर बाया, पायऱ्यांवर बाया, कुठे टेकायला जागा नाही. एक आजीबाई त्याला म्हणाल्या, "भाऊ, माणसाईचा दवाखाना तिकडं हाय." तो म्हणाला, "मी हिचा नवरा." रांग हसली. मयुरापण हसली, पदराआड. तिच्या तोंडावर हसू कितीतरी दिवसांनी आलं असं त्याला वाटलं, आणि हिला इतके दिवस काय झालं होतं हे त्याला कळेना.

ते त्याला त्याच दिवशी कळलं. दीप्ती मॅडमनी आधी त्याचा त्यालाच रिपोर्ट सांगितला, एकट्याला बसवून. हैदराबादची खोली त्याला आठवली, तिथली पगाराची संध्याकाळ, सोबतची पोरं, ती जायची त्या बायांची गल्ली. "मले कोनं ओढून नेलं नव्हतं," तो मला म्हणाला. "मी गेलतो. आपल्या पायानं." परत आल्यावर तो ते विसरूनही गेला होता. तब्येत ठणठणीत. कधी तपासण्याचं मनातही आलं नाही.

"मयुराचं काय?" त्यानं विचारलं.

"ते त्या स्वतः सांगतील. बोलावू?"

मयुरा आत आली, खुर्चीच्या काठावर बसली. "माहंही तसंच हाय," ती म्हणाली. "मले आधीच समजलं होतं." मग खाली बघत तिनं विचारलं, "माह्यापासून तं नाही ना झालं तुमाले?"

ओमप्रकाश सांगतो की रिपोर्टनं त्याला जेवढं हलवलं नाही तेवढं या प्रश्नानं हलवलं. ज्या बाईनं आयुष्यात काही वावगं केलं नाही, ती त्यालाच विचारत होती, माझ्यामुळे तर नाही ना.

"नाही वं," तो म्हणाला. "माह्यापासून तुले."

दीप्ती मॅडम मध्ये पडल्या. कुणाचं आधी, कुणाचं नंतर हे या तपासणीत कळत नाही, आणि आता बाळाकडे बघायचं आहे, असं म्हणाल्या.

"रक्त सांगत नसन मॅडम," ओमप्रकाश म्हणाला, "मी सांगून राहिलो ना." आणि मयुराच्या पुढ्यात त्यानं हैदराबादचं सगळं सांगितलं.

त्या दिवशी गाडीवरून घरी येताना मयुरानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी ती बॅग भरून कोराडीला निघाली. त्यानं अडवलं नाही. दारात तिनं एवढंच सांगितलं, "गोळ्या मी घेईन. तुमच्यासाठी नाही. याच्यासाठी." आणि पोटावर हात ठेवला.

ओमप्रकाशच्याही गोळ्या सुरू झाल्या. पहिले काही दिवस चक्कर यायची, फरशीवर ओणवं होता यायचं नाही. खबर नसताना रुखमाबाई गावाहून आली, सून घरात नाही म्हणून विचारू लागली. त्यानं आईला बसवलं आणि सांगितलं, "माय, मले एचआयव्ही हाय."

रुखमाबाई आधी रडली. मग तिचं डोकं चालू लागलं. दवाखान्यात जात होती ती सून, माहेरी निघून गेली ती सून. "तिच्याच रक्तात निघालं असन आधी," ती म्हणाली. "तिनं आनलं अन् पयाली माहेरी."

"माय," ओमप्रकाश म्हणाला, "तिचं आधी तपासलं म्हनून तिचं आधी निघालं. माहं आधी तपासलं असतं तं माहं आधी निघालं असतं. आनलं मी हाय. हैदराबादवरून. पुन्हा तिचं नाव घेशीन तं मी ऐकनार नाही."

रुखमाबाईनं लेकाकडे असं कधी पाहिलं नव्हतं. ती त्या दिवशी जेवली नाही, पण पुन्हा सुनेचं नावही घेतलं नाही.

आईच्या या बोलण्यानं मात्र ओमप्रकाशला एक गोष्ट दिसली. गरोदर बाईची तपासणी होते, नवऱ्याची होत नाही, म्हणून घरोघर हेच होत असणार. ज्याचं रक्त आधी तपासलं त्याच्यावर आळ. कोराडीलाही उद्या हेच होईल. त्यानं मयुराला फोन लावला.

"मी बाबाले सांगू का?"

मयुरा म्हणाली, "सांगायचं असन तं समदं सांगा. अर्धं नोका सांगू."

रविवारी तो कोराडीला गेला. आनंदराव बाहेर खुर्ची टाकून बसले होते, अंगणातल्या पेरूच्या पानांवर वीज केंद्राच्या राखेचा थर होता आणि ते एकेक पान फडक्यानं पुसत होते. काम सुटल्यापासून त्यांचा हा चाळा. सासूबाई, इंदूबाई, जावई आले म्हणून पाणी घेऊन आल्या. मयुरा आतल्या खोलीच्या दाराशी उभी राहिली.

ओमप्रकाश बसला नाही. उभ्यानंच त्यानं सांगितलं. हैदराबाद, त्याचा रिपोर्ट, मग मयुराचा. काही झाकलं नाही. इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. आनंदरावांच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

"लगनाच्या आधी माहीत होतं तुमाले?"

"नाही बाबा. तपासलंच नव्हतं. माहीत असतं तं मी या दारात आलोच नसतो."

"पोरीनं तं आमाले काही सांगितलं नाही. आराम कराले आली म्हने. मंग तुमी काहून सांगून राहिले?"

"उद्या कोनाले समजलं तं बोट तिच्याकडं जाईन," ओमप्रकाश म्हणाला. "बायकाईचं रक्त आधी तपासतात ना. ते बोट माह्याकडं पायजे. म्हनून आलो."

आनंदराव कठोर माणूस. कोळशाच्या धुळीत उभं आयुष्य गेलेलं, बोलणं थोडं. ओमप्रकाश मार खायच्या तयारीनं गेला होता. पण आनंदरावांनी फडकं खाली ठेवलं आणि विचारलं, "लेकराचं काय?"

तेव्हा ओमप्रकाशनं दीप्ती मॅडमकडून शिकलेलं सगळं सांगितलं. आईनं रोज गोळी घ्यायची. बाळंतपण दवाखान्यातच करायचं. बाळाला जन्मल्यावर औषधाचे थेंब द्यायचे, मग ठरलेल्या वेळी त्याचं रक्त तपासत जायचं. हे सगळं नीट केलं तर बाळ चांगलं निघतं, बहुतेक निघतंच.

"तिची मर्जी असन तवा ती येईन," आनंदराव म्हणाले. "मी धाडनार नाही, अन् अडवनार बी नाही." मग इंदूबाईंकडे वळून, "चहा टाक."

मयुरा त्या दिवशी आली नाही. पण दवाखान्याच्या प्रत्येक तारखेला ती कोराडीहून आईसोबत बसनं यायची, तेव्हा ओमप्रकाश फाटकाशी उभा असायचा. गर्दीत कुणी धक्का मारू नये म्हणून तिच्या मागे चालायचा, गोळ्यांची खिडकी, वजनकाटा, सोनोग्राफी, सगळीकडे. बसायला जागा नसायची म्हणून अंगणात उन्हात उभा राहायचा. नागपूरचं ऊन ते. इंदूबाईंनीच एकदा त्याला आपल्या डब्यातली पोळी दिली.

"माफी तं त्याईनं पैल्याच दिवशी मागितली होती," मयुरा मला म्हणाली. "माफी कोनीही मागते. पन ते हर खेपेले उभे होते."

सातव्या महिन्यात तिच्या रक्तातला विषाणू तपासला, तो इतका खाली आला होता की मशीनला सापडत नव्हता. त्या दिवशी ती बसकडे न जाता गाडीकडे गेली. "बॅग मायजवळ हाय," ती म्हणाली. "घ्या."

त्या उभं राहण्यातून ओट्याची कल्पना निघाली. ओमप्रकाशला दिसत होतं की बायकोला सोडायला नवरे येतात, पण फाटकापर्यंत. मग समोरच्या पानठेल्यावर जाऊन बसतात. आत त्यांच्यासाठी काहीच नव्हतं, ना जागा, ना कुणी बोलावणारं. तो दवाखान्याच्या मोठ्या डॉक्टरांना जाऊन भेटला. "सर, कडुनिंबाखाली मी ओटा बांधून देतो. माल माह्याकडं उरलेला हाय." डॉक्टरांनी वर विचारून होकार दिला. ओमप्रकाशनं आणि बंटीनं, जो त्याच्यासोबत जोडीनं मिस्त्रीकाम करतो, दोन सुट्ट्यांच्या दिवशी विटांचा लांब ओटा बांधला. वेगवेगळ्या घरांतून उरलेला ग्रॅनाइट वर बसवला, काळा, तांबडा, ठिपक्यांचा, पण सांधे असे जुळवले की बोट फिरवलं तर कळू नये. पाठ टेकायला भिंत, पाण्याच्या माठाला कोपरा.

नवरे येऊन बसू लागले. पुरुष एका जागी सापडले तशा दीप्ती मॅडम बाहेर येऊन त्यांच्याशी बोलू लागल्या. पहिल्या आठवड्यात दोघांनी रक्त दिलं, मग रोज कुणी ना कुणी. दवाखान्यात त्याला सगळे नवऱ्यांचा ओटा म्हणतात. मी जाऊन पाहिलाय. त्या दिवशी तिथं सहा-सात पुरुष बसले होते, एकाच्या मांडीवर बायकोची पर्स होती.

मुलगी झाली. तिला औषधाचे थेंब द्यायचं काम ओमप्रकाशनं स्वतःकडे घेतलं. सिमेंटनं खरखरीत झालेले हात तो कोमट पाण्यात भिजवून मऊ करायचा, मग तिचे ओठ बोटानं उघडायचा. अंगावरचं दूध पाजायला हरकत नाही, फक्त मयुराची गोळी चुकता कामा नये, असं दीप्ती मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून मयुराच्या गोळीची आठवणही तोच करायचा. ती चिडायची. "मले समजते," म्हणायची. पण तो करायचाच. रुखमाबाई बाळंतपणाला आली ती सव्वा महिना राहिली. सुनेला डिंकाचे लाडू, तेलपाणी, सगळं केलं. नातीचं नाव उन्नती ठेवलं ते तिनंच सुचवलेलं.

पहिली तपासणी निगेटिव्ह आली. दुसरी निगेटिव्ह. पण शेवटची होईपर्यंत नक्की धरायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. शेवटची झाली तेव्हा उन्नती दीड वर्षाची होती आणि दवाखान्याच्या अंगणात आपल्या पायांनी धावत होती. दीप्ती मॅडम बाहेर आल्या, आणि त्यांचा चेहरा पाहूनच मयुरा ओट्यावर बसली आणि रडू लागली. ओमप्रकाश रडला नाही. तो उन्नतीमागे धावला, तिला उचललं आणि फाटकापर्यंत जाऊन परत आला. का गेलो ते मला माहीत नाही, म्हणतो.

दुसऱ्या दिवशी, मयुराला विचारून, तो पेढे घेऊन ठिय्यावर गेला.

"कशाचे गा? पोट्टीचा वाढदिवस?"

"नाही. पोट्टीचा रिपोर्ट आला. तिले एचआयव्ही नाही." पेढा हातात घेतलेली माणसं थांबली. "मले हाय. तिच्या मायले माह्यापासून झालं. पोट्टीले नाही झालं, कारन आमी दोघंही वेळेवर दवाखान्यात गेलो, अन् तिच्या मायनं रोज गोळी घेतली."

काहींनी पेढा खाल्ला, काहींनी हातातच ठेवला. एका ठेकेदारानं त्याला काम देणं बंद केलं. दोन घरांनी ठरलेलं काम रद्द केलं. ते दिवस जड गेले, हे तो लपवत नाही. पण बंटीनं त्याच्यासोबतचा डबा सोडला नाही, आणि थोड्या दिवसांनी फरशी बसवता बसवता तोच म्हणाला, "माह्या बायकोलेही दिवस गेले गा. तिचं निगेटिव्ह आलं. म्हंजे माहंही तसंच ना?"

"तिचं रक्त तिचं," ओमप्रकाश म्हणाला. "तुह्या रक्ताचं तिच्या रिपोर्टात काय लिहून राहील? अन् तुले असन, अन् पोटात लेकरू असताना तिले झालं, तं लेकराले धोका जास्त. आज तिले नाही, तं तिले होऊच द्यायचं नाही. याच्यासाठीच नवऱ्याले बोलावतात."

बंटी गेला. त्याचं काय निघालं ते बंटीचं. ओमप्रकाशनं मला सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. तेव्हापासून ठिय्यावर कुणाच्या घरी गोड बातमी असली की ओमप्रकाश त्याला बाजूला घेतो. भाषण देत नाही. "कधी चाललास? मी येतो संगं," एवढंच म्हणतो, आणि खरंच सोबत जातो.

गेल्या हिवाळ्यात दवाखान्यात गरोदर बाया आणि त्यांच्या नवऱ्यांचा कार्यक्रम झाला. दीप्ती मॅडमनी ओमप्रकाशला बोलायला उभं केलं. धुतलेला शर्ट, तेल लावलेले केस, हात कुठे ठेवावे कळत नव्हतं. पण बोलला सगळं, हैदराबादपासून. मागून एक तरुण उठला. "भाऊ, रिपोर्ट खराब आला तं बायको सोडून जाईन. त्याच्यापेक्षा माहीत न झालेलं बरं ना?"

ओमप्रकाश उत्तर देणार, तेवढ्यात मयुरा उठली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, ती तिच्या खुर्चीजवळूनच बोलली. "मी गेलते सोडून," ती म्हणाली. "राग होता मले. अजूनही कधी कधी येते. पन यायनं माह्या बापाच्या दारात जाऊन माह्यावरचा आळ सोताच्या अंगावर घेतला. लपवलं असतं तं मी आज इथं नसते, अन् हे लेकरू यायच्याजवळ नसतं." मग ती खाली बसली.

मी आनंदरावांच्या शेजारी बसले होते. त्यांच्या मांडीवर उन्नती झोपली होती. पुढच्या रांगेतल्या एका माणसानं मागे वळून विचारलं, "कोन होय हा बोलनारा? डॉक्टर होय का?"

आनंदराव मान ताठ करून म्हणाले, "मिस्त्री होय. माहे जावई."

त्यांनी ते इतक्या मोठ्यानं सांगितलं की दोन रांगांनी वळून पाहिलं.